आधी घोड्यानं जेवायचं

आमच्या बेडशाच्या घरात खंडेनवमीला देवाच्या आधी, आबांच्या आधी, चुलीच्या नैवेद्याच्याही आधी घोडा जेवत असे. आणि आमच्या घरात घोडा नव्हता. कधीच नव्हता. सात पिढ्यांत कुणी ठेवला नाही, कुणी त्याच्यावर बसलं नाही. आमच्या भावकीतला नवरदेवसुद्धा मारुतीच्या पाया पडायला चालतच जाई आणि परगावचे वाजंत्रीवाले तोंड फिरवून हसत. हसोत बापडे. त्या हसण्याचं कारण आमच्या माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांना आडवं टांगलेलं होतं. त्याला आम्ही घोडकोयता म्हणत असू.

नुसत्या कोयत्यासारखा तो नव्हता. पातं हातभर लांब, बगळ्यानं मान मागे वळवावी तसं आत वळलेलं. धार फक्त आतल्या बाजूला; पाठ बोथट आणि जाड. टोकाशी एक छोटा आकडा, उलट दिशेला फिरलेला. मुळाशी लोखंडी नळी, तिच्यात पुरुषभर उंचीचा भरीव वेळू ठोकलेला. वेळू दर काही वर्षांनी बदलायचा, पातं कधी बदललं नाही. ते नेहमी भिंतीकडे धार करून टांगायचं आणि धारेवर ओलं फडकं गुंडाळायचं, असा नेम होता. फडकं आईच बांधायची. तिची गाठ वेगळी असे, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. दुसऱ्या कुणाला ती बांधता येत नसे आणि सोडायची तर कुणाची हिंमत नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, सांगत, आपला कुणी मूळपुरुष घाटाच्या अरुंद वाटेला करवंदीच्या जाळीत हा घेऊन बसायचा. घोडेस्वारांची रांग एकामागून एक चालायची. घोडा पुढे सरकला की मागून पाय अडकवायचा आणि हिसडा द्यायचा. खुराच्या वरची धोंडशीर तुटली की खेळ संपला. "घोडा मरत न्हाई," आबा सांगत, "बसतो. आन् बसल्याला घोडा पुन्ना उटत न्हाई. त्यो वरडत ऱ्हातो." त्या ओरडण्यानं म्हणे त्या पुरुषाची झोप गेली, अन्न गेलं आणि मग त्यानं हा नेम घातला: नवमीला भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन रस्त्यावर जायचं, जो पहिला घोडा येईल त्याला खाऊ घालायचं, आणि त्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. मी एकदा विचारलं, "आबा, ते घोडे होते कुणाचे? मोगलांचे का आणखी कुणाचे?" आबांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "घोड्याला कुटं ठावं गं, कुनाचा ते."

बहुतेक वर्षी अडचण येत नसे. दसऱ्याच्या सुमाराला धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघत. त्यांच्या तट्टावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोंबड्यांवर एखादं पोर. ते तट्टू आमच्या दारचे हरभरे दरवर्षी खाई आणि आमच्यावर उपकार केल्यासारखं शेपूट हलवी. पण एका वर्षी दुपार कलली तरी तट्टू आलं नाही. घरात आंबेमोहोराचा भात गार होत होता, अळूच्या वड्यांचा वास सुटला होता. माझा थोरला भाऊ किसन तेव्हा लहानच. मूठभर हरभरे घेऊन तो गुपचूप डोंगर चढला. आमच्या गावावरच्या लेण्यांत मोठाले खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर दगडी घोडे. त्यांच्यावर बायकापुरुष बसलेत, हजारो वर्षं. खांब उंच. किसननं खांबाच्या बुडाशी दाणे ठेवले, हात जोडले आणि पळत खाली येऊन ओरडला, "आये, घोडा जेवला! वाढ आता!" आबा हसून लोळले. आई हसली नाही. तिनं त्याला जवळ घेऊन सांगितलं, "त्याला भूक लागत न्हाई, बाळा. भुकेला पायजे." तट्टू दिवस मावळताना आलं. तेव्हा कुठं आम्ही जेवलो.

सातवी झाल्यावर मी लोणावळ्याला आत्याकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवू लागले आणि तिथंच पत्रकांना लागले. लागले म्हणजे व्यसनच. वसंतराव नावाचे एक तरुण होते, कंपाउंडरचे चिरंजीव. त्यांच्या मागच्या खोलीत चक्रमुद्रणाचं यंत्र होतं. माझं अक्षर टपोरं, म्हणून मेणकागदावर मजकूर कोरायचं काम माझ्याकडे आलं. बोटं शाईनं काळी, नाकात त्या शाईचा उग्र वास आणि डोक्यात उद्गारचिन्हं. मी बोलायचे तेसुद्धा पत्रकासारखं. आत्या म्हणे, "भाजीत मीठ कमी हाय एवढंच सांग की गं, सरकार उलथू नकोस." आज या वयातही माझी वाक्यं मधूनच मुठी आवळतात. ती खोड तिथली.

बेचाळीसच्या चळवळीच्या आदल्या वर्षी वसंतराव नवमीला आमच्या घरी आले. सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरून चालत आले होते, पोटात काही नव्हतं. आईनं त्यांना पाणी दिलं, गूळही दिला नाही. माणूस ताटकळला. "किसनराव, घोडा जेवल्याशिवाय माणसं जेवत नाहीत, हे काय राज्य आहे?" किसन गंभीरपणे म्हणाला, "पाव्हनं, तुमी चार पायांवर हुबं ऱ्हाता का? मंग आत्ता वाढतो." मी हसले, आबा हसले, वसंतरावही हसले; पण तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते भूक विसरले.

घोडकोयता खाली काढून त्यांनी हातात तोलला. फडकं सोडायला गेले तर आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या." मग ते आबांशी वाद घालायला बसले. पळत्या घोड्याचा पाय असा कापता येईल का? हिसडा बसला तर कोयतेवाल्याचा खांदाच निखळायचा. आबा म्हणाले, पळत्याचा नाही, चालत्याचा. वाट अरुंद हवी. वसंतरावांच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना जुन्या हत्यारांचा नाद होता. असलं काही त्यांनी एकदा पाहिलं होतं आणि त्यांचं मत अगदीच वेगळं होतं: असलं पातं घोडे कापायला नसावंच, छावणीत शिरून त्यांच्या मागच्या पायांचे दोर, पिछाड्या, कापायला असावं, तो उलटा आकडा दोर उचलून धरायला. कुणी म्हणे नुसतं चाऱ्याच्या फांद्या तोडायला. आई उंबऱ्यात बसून हरभरे निवडत होती. तिनं मान वर केली. "म्हंजे घोडी सोडवायला व्हय?" तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की मला वाटलं, वसंतरावांनी एवढ्यावर थांबावं. पण ते थांबणारे नव्हते. "छे, मावशी! सोडवायला कशाला? कापायलाच. ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही, रस्त्यावर आणायची आहे."

किसननं ते ऐकलं.

पुढच्या वर्षी काय पेटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी सांगत बसत नाही. भाद्रपदात लोणावळ्याला मोर्चा ठरला. तो अडवायला पोलिसांनी बाहेरून घोडेस्वार आणले, मालगाडीच्या डब्यांतून. किसन घोडकोयता घेऊन निघतोय हे मला माहीत नव्हतं, आईला होतं. तो म्हणाला होता, "नुसता धाक दावायला नेतो, आये." तिनं फडकं पाण्यात बुडवून नव्यानं गुंडाळलं, गाठ मारली. "धाकच दावायचा तर हे सुटायचं न्हाई." तो म्हणाला, "न्हाई सुटायचं."

बाजाराच्या रस्त्यावर ओढ्यावरची एक मोरी होती, तिथं रस्ता आवळला जाई. घोड्यांना एकामागून एकच यावं लागणार, म्हणून किसननं मोरीच्या कठड्याखाली बसायचं असं वसंतरावांनी ठरवलेलं. स्वतः ते यंत्र सांभाळायला घरी थांबले. यंत्र फार मोलाचं होतं. मी बायकांच्या रांगेत पुढे, हातात झेंडा. पावसाची बारीक झिमझिम, चिखल, घोषणांनी घसे बसलेले. पलीकडून घोडे आले. ओल्या रस्त्यावर नालांचा आवाज खणखणीत येत नाही, डबडब येतो. तो अजून माझ्या कानात आहे. पहिला घोडा मोरीवर चढला, थांबला, पुढ्यातल्या गर्दीला बुजला. तेव्हा कठड्यामागून माझा भाऊ उठला. मला आधी वेळू दिसला, मग पातं, आणि पात्यावर पांढरं फडकं. त्यानं पातं त्या घोड्याच्या मागच्या पायाशी नेलं. नेमकं जिथं न्यायला हवं तिथंच. एक हिसडा, बस्स.

हिसडा दिलाच नाही. घोडा थरथरत होता, कातडी नुसती लवलव करत होती. किसननं वेळू बगलेत धरला आणि मोकळा हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला. आमच्याकडे बैल बुजला की ठेवतात तसा. त्याचा आवाज मला ऐकू आला, शपथेवर सांगते: "हो… हो राजा… हो…"

घोड्यानं लाथ झाडली. किसनच्या छातीत बसली. तो मोरीखाली पडला आणि पुन्हा उठला नाही. ना गोळी, ना लाठी. बायकांनी त्याला उचललं तेव्हा मी तिथं होते. घोडकोयता पोलिसांनी घेतला. नेताना मी पाहिलं, फडकं होतं तसंच होतं. दोन वेढे, टोक आत खोचलेलं.

आई रडली ती घरी आणल्यावर एकदाच, मोठ्यानं. दहावं-बारावं झाल्यावर मी लोणावळ्याला निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला. "तू लिवतीस न्हवं? मंग येवडं लिव. त्यानं घोड्याला कापला न्हाई."

वसंतरावांच्या खोलीत मजकूर तयारच होता. 'तीन घोडे लोळवून वीर किसन धारातीर्थी पडला! मावळच्या घराघरांत असे घोडकोयते पाजळून ठेवले आहेत!' त्यांनी मेणकागद माझ्यापुढे सरकवला. त्यांचे डोळे सुजलेले होते, हेही सांगितलं पाहिजे. त्या माणसाला दुःख झालं नव्हतं असं नाही.

मी म्हटलं, "तीन नाही. एकही नाही. फडकं सुटलं नव्हतं."

"गर्दीत तुम्हाला नीट दिसलं नसेल, ताई."

"माझा भाऊ होता. मला दिसलं."

"मग घोड्यानं लाथ का मारली? उगाच मारतो का घोडा? पातं लागलं असणार, म्हणूनच."

घोडा का लाथ मारतो हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार? मी म्हटलं, "का मारली ते माहीत नाही. त्यानं हात ठेवला आणि मारली."

"हात ठेवला!" वसंतराव उभे राहिले. "मग काय छापू? घोड्याला थोपटताना लाथ खाऊन मेला? लोक काय म्हणतील? त्याच्या मरणाची काही किंमत राहील का?"

"त्याच्या मरणाची किंमत तुम्ही करू नका. खरं असेल ते छापा, नाहीतर त्याचं नाव छापू नका."

मी लेखणी ठेवली, बाहेर पडले आणि बेडशाला परत आले. पत्रक निघायचं ते निघालंच, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. गावोगाव गेलं. आमच्या गावीही आलं. पाणवठ्यावर बायका आईला म्हणाल्या, "तीन घोडं आडवं केलं म्हनं तुज्या लेकानं! वाघीन हाईस तू." आई म्हणाली, "येक बी न्हाई." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं; दुःखानं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं. एक म्हातारी हळूच बोलली, "कापला न्हाई म्हन्तीस, तर मंग त्यानं मारलं कशापायी, बाये?" आईनं हंडा उचलला. त्या प्रश्नानं तिला पोखरलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. रात्री आबांना विचारायची, मला विचारायची, "कापला नसंल तर का मारलं आसंल गं?" तिची खात्री डळमळत नव्हती, पण तिच्या खात्रीला टेकायला भिंत नव्हती.

आज त्या मोरीजवळ एक दगड बसवलाय. त्याच्यावर तीन घोडे आहेत. शाळेची मुलं झेंडा लावून येतात, मला खुर्चीवर बसवतात, दोन शब्द बोला म्हणतात. मी बोलते. फडक्याचं सांगते, हात ठेवल्याचं सांगते. हेडमास्तर खोकतात. मग मुलं तीन घोड्यांचं गाणं म्हणतात.

किसन गेला त्या वर्षीची नवमी आली आणि पत्रकानं आपलं खरं काम केलं. घराघरांत पाजळलेले घोडकोयते आहेत म्हटल्यावर ते शोधायला पोलीस येणारच. सकाळीच आले, बरोबर दोन घोडेस्वार. नवमीचा दिवस, घरोघर पाटावर कोयते, कुऱ्हाडी, विळे मांडून हळदकुंकू वाहिलेलं. पूजेतून उचलले सगळे. भात कापणीला आलेला आणि गावात विळा राहिला नाही. शेजारणीची नारळ खोवायची विळीसुद्धा नेली, तिच्यावर झेंडूचं फूल तसंच. एक पत्रक लिहायला किती वेळ लागतो? चार वाक्यं. त्या वर्षी लोकांनी भात उसन्या विळ्यांनी कापला, दुसऱ्या गावांतून आणून.

आमच्या भिंतीवर नुसत्या दोन खुंट्या. आईनं त्यांनाच कुंकू लावलं. हरभरे तिनं आदल्या रात्री भिजत घातले होते. पण पोलीस आल्याचं कळल्यावर धनगर पलीकडच्या खोऱ्यातून गेले. रस्त्याला तट्टू नाही, टांगा नाही. चुलीवर डाळीची आमटी आटत गेली. दुपार टळली तसे आबा दारातून म्हणाले, "औंदा लेन्यातल्या घोड्याला दाव आन् सोड."

आई म्हणाली, "त्याला भूक लागत न्हाई."

तिनं टोपली उचलली. मी मागे धावले. पाराजवळ पोलिसांचा डेरा होता. गोळा केलेल्या विळ्यांचा ढीग आणि उंबराखाली एक तांबूस घोडा, लगाम सैल. त्याचा स्वार बाजूला बसून विडी ओढत होता, आमच्याकडचाच कुणी शेतकऱ्याचा मुलगा असावा. तोच घोडा होता का तो? मला आजही सांगता येणार नाही. मी त्या दिवशी पाय आणि फडकं पाहिलं होतं, रंग नाही. गाव दारादारांतून पाहत होतं. आमच्या घराकडून येणारी वाट त्या घोड्याच्या मागून येते. आई सरळ चालत गेली, टोपली कमरेवर, दुसरा हात पुढे केलेला.

"ओ मावशी!" स्वार विडी टाकून उठला. "मागनं नगा! मागनं हात लावू नगा त्याला, लात झाडतो!"

आई थबकली.

"पुढनं या, दिसंल आशा. गरीब हाय तसा, पन मागनं कुनी हात लावला की मारतोच. समदी घोडी तशीच. माया कराया गेलं तरी मारत्यात."

आईनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, "माया केली तरी?"

"व्हय की. त्याला कुटं दिसतंय मागं कोन हाय ते."

तिनं मान डोलावली. दोनदा. मग लांबून वळसा घालून ती घोड्याच्या पुढे गेली, त्याला दिसेल अशी, आणि टोपली धरली. घोड्यानं आधी फुरफुर केली, मग नाक खुपसलं. हरभरे चावल्याचा करकर आवाज पारापर्यंत येत होता. दारातून शेजारीण न राहवून ओरडली, "आगं, काय करतीस? वैऱ्याच्या घोड्याला?"

आईनं मागे पाहिलं नाही. "किसननं राखलाय त्याला," ती म्हणाली. "मी उपाशी ठिवू व्हय?"

टोपली रिकामी होईतो ती हलली नाही. स्वारानं काय समजायचं ते समजून घेतलं असावं. त्यानं टोपी काढली होती आणि तो खाली बघत होता. आम्ही परतलो. घरात शिरताना तिनं टोपली उंबऱ्याशी पालथी घातली, पदरानं तोंड पुसलं आणि चुलीपाशी बसून पानं मांडायला घेतली. तीन.

"अवं, उटा," ती म्हणाली. "हात धुवा. घोडा जेवला."

आबांनी माजघराच्या अंधारातून विचारलं, "कुनाचा?"

"घोड्याला कुटं ठावं," आई म्हणाली. "चला, भात निवतोय."